ऑक्सफर्डची पदवी आणि डोव्हरचं बंदर

अवकाळी:
ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "ब्रिटनमध्ये हल्ली अडाण्यांचं राज्य आहे." मला हे अजिबात पटत नाही. २०१६ च्या सार्वमतापासूनचे पंतप्रधान घ्या: कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर. सहाही जण ऑक्सफर्डला शिकलेले. त्यात कॅमेरन आणि जॉन्सन ईटनचे, सुनक विंचेस्टरचे, दोन्ही श्रीमंतांच्या महागड्या खासगी शाळा. शिक्षणात काही कमी नव्हतं, कमी होता तो गृहपाठ.

डॉमिनिक राब बघा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, परराष्ट्र खात्यात वकिली. २०१८ मध्ये ब्रेक्झिट मंत्री असताना त्यांनी चारचौघांत सांगितलं की आपला व्यापार डोव्हर-कॅले या इंग्लंड-फ्रान्स सागरी मार्गावर एवढा अवलंबून आहे याची आपल्याला पुरती कल्पना नव्हती. बेटावरचा देश, आणि हे ब्रेक्झिट मंत्री! त्याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या मंत्री कॅरन ब्रॅडली म्हणाल्या की तिथले राष्ट्रवादी (आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे) लोक युनियनिस्ट (ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या) पक्षांना मत देत नाहीत, हे त्यांना मंत्री होईपर्यंत ठाऊक नव्हतं. बाईंची पदवी गणिताची.

मंत्र्याची लायकी जोखायची तर शाळा-कॉलेज बाजूला ठेवा. स्वतःच्या खात्याची फाइल वाचतो का, एवढंच बघा.

खवट:
फाइल वाचून काय दिवे लागणार होते? थेरेसा मे यांनी वाचल्या की सगळ्या. जानेवारी २०१९ मध्ये संसदेत त्यांचा ब्रेक्झिट करार आपटला, बाजूने २०२, विरोधात ४३२. युरोपच्या बाजारातून बाहेर पडायचं, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यात सीमा नको आणि उत्तर आयर्लंड व उरलेलं ब्रिटन यांच्यामधल्या आयरिश समुद्रातही नको, या तिन्ही गोष्टी एकत्र जमणारच नव्हत्या. तिथे कुणीही बसवा.

जॉन्सननी तिढा सोडवला तो समुद्रात सीमा टाकून. वर नोव्हेंबर २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, कुणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करायला सांगा, मी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकायला सांगेन. याला गृहपाठ न करणं म्हणत नाहीत. सगळं कळत असून रेटून बोलणं म्हणतात.

थेम्सकाठचा:
आणि असं रेटून बोलणं कुणाला परवडतं, तेही बघा की. पार्श्वभूमी तिथेच आड येते. खोटं अवतरण छापलं म्हणून जॉन्सनना 'द टाइम्स'मधून काढलं, लगेच 'टेलिग्राफ'ची नोकरी हजर. अँजेला रेनर सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, वृद्धांची सेवा करणारी बाई. २०२५ मध्ये घराची स्टॅम्प ड्यूटी कमी भरली म्हणून उपपंतप्रधानपद गेलं. चूक तिचीच, जायलाच हवं होतं. पण तिच्या बोलण्याच्या ढबीची टिंगल त्याआधीपासून चालू होती. इथे वीसेक वर्षं राहून सांगतो, तोंड उघडलं की इंग्रज माणूस समोरच्याची शाळा ओळखतो.

माजी पंतप्रधान जॉन मेजरही सोळाव्या वर्षीच शाळेतून बाहेर पडले होते. महायुद्धानंतरचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन तर पोरवयातच कामाला लागले.

कारकून:
ट्रस कुठे ईटनच्या होत्या? लीड्सची सरकारी शाळा. अर्थमंत्री क्वार्टेंग मात्र ईटनचे, शिवाय केंब्रिजची डॉक्टरेट, तीही सतराव्या शतकातल्या नाण्यांच्या संकटावर! दोघांनी मिळून २३ सप्टेंबर २०२२ ला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार याचा पत्ता नाही. पौंड डॉलरसमोर नीचांकाला, सरकारी रोखे कोसळले, पेन्शन फंड गोत्यात, शेवटी बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं.

शाळेपेक्षा मला आधीचा घटनाक्रम महत्त्वाचा वाटतो. अर्थखात्याचे सर्वोच्च अधिकारी टॉम स्कॉलर यांना आल्या आल्या काढलं. स्वतंत्र अंदाज देणाऱ्या संस्थेचा अहवाल अर्थसंकल्पासोबत येऊच दिला नाही. नाही म्हणणाराच नको होता. त्या एका वर्षात चार अर्थमंत्री आणि पाच शिक्षणमंत्री झाले, त्यातल्या एक बाई दोन दिवससुद्धा टिकल्या नाहीत. खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचं असेल तर फाइल कसली वाचता, अवकाळीराव?

तिरपागडा:
ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत टेबलापलीकडे बसलेले, आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर मूळचे आपल्या मालवणजवळच्या वराडचे, पेशाने डॉक्टर. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या विरलला जॉन्सनशी बसून त्यांनी कोंडी फोडली. कोकणी माणसाला वाटाघाटी शिकवाव्या लागत नाहीत :)

खवट:
वराड हे वडिलांकडचं गाव, वराडकर स्वतः वाढले डब्लिनला. मुळं काढून पात्रता ठरवायची तर सुएला ब्रॅव्हरमनचे वडील गोव्याच्या मुळांचे. गृहमंत्री असताना बाई म्हणाल्या, व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत सर्वाधिक भारतीय. आता वाटा पेढे.

अवकाळी:
कारकूनसाहेब, खांदेपालटाचा मुद्दा मान्य, पण राब चार महिने त्या खात्यात होते. नकाशा बघायला चार महिने लागत नाहीत.

खवट:
आणि तुमचे फाइलवाले स्टार्मर? वडील अवजारं बनवणारे कामगार, स्वतः सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख राहिलेले. २०२४ मध्ये बहुतेक पेन्शनरांचा हिवाळ्याचा इंधनभत्ता बंद केला, २०२५ मध्ये बहुतेकांना परत दिला. हे कुठल्या रकान्यात लिहू?

अवकाळी:
फाइल वाचली होती, स्वतःच्या खासदारांना विचारलं नव्हतं. वेगळा रकाना काढा.