मदत हवी आहे : गिअरबॉक्स बदलला, पण गाडी सुरू असताना गिअर पडत नाही

अंगणातला_मेकॅनिक, सातारा
दोन रविवार घालवून घरीच गिअरबॉक्स बदलला. जुना तिसऱ्यातून सटकायचा, म्हणून भंगारातून दुसरा आणला. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. गाडी सुरू केली की एकही पडत नाही, रिव्हर्सला कर्रर्र आवाज. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही नवीन आहेत. भंगारातला गिअरबॉक्सच खराब निघाला का? शुक्रवारी आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचंय. लवकर सांगा.

१७_नंबरचा_पाना
गाडी कोणती? क्लच वायरचा की हायड्रॉलिक?

अंगणातला_मेकॅनिक
मारुती ८००, २००७ची. वायरचा.

नानापेठकर
प्लेट उलटी बसलीय. क्लच प्लेटच्या मधल्या हबचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे हवा. माझ्या ९८च्या ओम्नीला डिट्टो हेच झालं होतं. खाली उतरवा, दुसरा इलाज नाही.

अंगणातला_मेकॅनिक
प्लेटवर फ्लायव्हील साइड, म्हणजे इंजिनकडची बाजू, असं छापलेलं होतं, तसंच बसवलंय. फोटोही आहे.

घाटवाट
बसवताना गिअरबॉक्स प्लेटवर लोंबकळत ठेवला होतात का? त्या वजनाने हब वाकतो, मग प्लेट सुटत नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरला नाहीत ना? खाली घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावा. माझ्या मामांचा हात असाच गेलाय.

अंगणातला_मेकॅनिक
घोड्या होत्या. शेजारच्या दादांनी गिअरबॉक्स शेवटपर्यंत धरून ठेवला होता.

ओंकार_पुणे
गाडीला १५ वर्षं होऊन गेली. आरटीओत फेरनोंदणी केलीत का? दर ५ वर्षांनी करावी लागते, शिवाय पर्यावरण कर. एवढा खर्च करण्याआधी बघायला हवं होतं.

अंगणातला_मेकॅनिक
झालीय हो. गिअरचं सांगा.

१७_नंबरचा_पाना
नानापेठकर, ऊठसूट गिअरबॉक्स उतरवायला सांगू नका. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, तिची मांडणीच वेगळी. आधी बाहेरून बघू द्या. पेडल कसं लागतंय? गिअरबॉक्सवरचा क्लचचा दांडा किती हलतो?

नानापेठकर
मांडणी वेगळी असली तरी प्लेट प्लेटच असते. तीस वर्षं गाड्या खोलतोय मी.

अंगणातला_मेकॅनिक
पहिल्या दिवशी पेडल हलकं होतं, आता दगड झालंय. दांडा जेमतेम हलतो. सेल्फही जड फिरतो, पण बॅटरी उतरली असेल म्हणून ते लिहिलं नाही. क्लचच्या वायरपाशी रबर जळल्यासारखा वासही आला होता.

१७_नंबरचा_पाना
अहो, हेच तर पहिल्यांदा लिहायचं! गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर परत जोडलीत का?

अंगणातला_मेकॅनिक
कोणती?

१७_नंबरचा_पाना
बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिन-गिअरबॉक्सला येणारी जाड वायर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ती वायर सुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या धातूतून परत जातो, आणि क्लचची वायर गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत सलग धातूच. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. क्लचची वायर तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि ती जाम होते. मग पेडल दाबूनही क्लच सुटत नाही, म्हणून गिअर पडत नाही. खात्री करायला बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनच्या उघड्या लोखंडाला जम्पर वायर लावा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून सेल्फ मारा. झपकन फिरला तर बॅटरी नव्हे, अर्थिंग.

नानापेठकर
एवढ्याशा वायरीतून सेल्फ फिरतो? माझ्या ऐकण्यात नाही. मी अजूनही प्लेटच म्हणेन.

घाटवाट
फिरतो. आमच्या ट्रॅक्टरवर ॲक्सिलरेटरची वायर अशीच लाल झालेली मी डोळ्यांनी बघितलीय.

अंगणातला_मेकॅनिक
जम्पर लावला आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरला. अर्थिंगची वायर बॅटरीच्या ट्रेखाली दुमडून राहिली होती, मीच सोडवताना मागे सारली होती. क्लचची वायर काढली तर आतली तार निळसर पडलेली, अस्तर तारेला चिकटून बसलेलं. नवीन वायर टाकली, दांड्याला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. चारही गिअर पडतात, रिव्हर्सचा आवाज गेला. पाना, तुमचे फार उपकार झाले.

आता एकच. डाव्या ॲक्सलपाशी तेलाचा थेंब दिसतोय, रात्रीतून फरशीवर रुपयाएवढा डाग. सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

१७_नंबरचा_पाना
नाही. तेल काढा, ॲक्सल ओढा, सील बाहेरूनच बदलतं. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावून मगच ॲक्सल घाला. शुक्रवारी निघण्याआधी गिअर ऑइलची लेव्हल मात्र बघा.