'डार्क' गाणं काळं, गडद की भेसूर? शब्द सुचवा

मंडळी, भाच्याने एक काम गळ्यात मारलंय. त्याचा चौघांचा बँड आहे. सहा गाणी बसवलीत, तीन डार्क फोक आणि तीन पंक. कार्यक्रमाला येणाऱ्यांच्या हातात द्यायला प्रत्येक गाण्याचं दोन-तीन ओळींचं वर्णन मराठीत हवंय. "मामा, तू पेटी वाजवतोस, तुला शब्द माहीतच असणार." त्याने इंग्रजीत लिहून आणलेलं मी जसंच्या तसं मराठीत घालून पाहिलं, तर 'गडद लोकसंगीत, विरूपित गिटार, कच्चा आवाज' असं काहीतरी निघालं. कच्चा आवाज म्हणजे ज्याची अजून तालीम झालेली नाही तो. आणि विरूपित गिटार वाचून तिला अपघात झालाय असं वाटतं.

घोडं पहिल्याच शब्दाला अडतं. 'काळं गाणं' म्हणावं तर कुठलाही पेटीवाला विचारील, काळी किती, म्हणजे पेटीची कितवी काळी पट्टी? 'गडद' साडीला ठीक. 'लोकगीत' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोळीनृत्य येतं. 'पंक' तर बोलायलाच नको. आपल्याकडे पंक म्हणजे चिखल, पंकज त्यातूनच उगवतं, मग पंक रॉक म्हणजे काय, चिखल-दगड? तो शब्द तसाच ठेवणार आहे. पण बाकीच्यांना मराठी शब्द हवेत. खाली एकच सूर धरून ठेवतात तो, गिटारचा तो खरखरीत आवाज, आणि धृपदाला सगळे मिळून ओरडतात ते.

प्रतिसाद
भेसूर. आत सूर आहेच.

धागाकर्ता
हो, पण हल्ली भेसूर चेहराच असतो. गाणं भेसूर म्हटलं की लोक 'वाईट गायलंय' असं समजतील. भाचा घरी येणं बंद करेल.

प्रतिसाद
आधी गाणी कशात बांधलीत ते सांगा. पाश्चात्त्य लोकगीतांतली डोरियन नावाची स्वरावली म्हणजे आपला काफी थाट, एओलियन म्हणजे आसावरी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. तिन्हींत गंधार कोमल, म्हणजे ग जरा उतरलेला. काळोख तिथूनच येतो, 'कोमल गंधाराची गाणी' म्हणा.

धागाकर्ता
दोन डोरियनमध्ये आहेत. पण काफीत आपण होरी गातो की हो! गुलाल उधळतो. नुसत्या कोमल गंधाराने काळोख होत नाही.

प्रतिसाद
सहमत. वाद्यानेही होत नाही. निको नावाच्या जर्मन गायिकेने १९६८ साली हार्मोनियम धरून अख्खी ध्वनिमुद्रिका केली. थंडगार, अंगावर येणारी. आपल्याला तेच वाद्य ऐकलं की नाट्यपद आठवतं, फार तर गणपतीतली आरती. काळोख असतो तो सूर न सोडण्यात. चाल पुढे सरकते, खालचा सूर जागचा हलत नाही. त्याला 'गुंजन' वगैरे म्हणू नका, ते भुंग्याचं. मी 'घरघर' म्हणेन. माझी आजी पहाटे दळायची. जात्याची घरघर एकसारखी, आणि तिच्यावर ओवी, सासरच्या जाचाची किंवा गेलेल्या भावाची. ओवी संपली तरी घरघर चालूच. शिवाय माणसाला शेवटी लागते तीही घरघरच. एवढा डार्क शब्द इंग्रजीतही नसेल.

धागाकर्ता
हा घेतला. (पहिल्या गाण्यात बँजो आहे. त्याची पाचवी, आखूड तार चालीत न गुंतता मधूनमधून एकच सूर देत राहते, सतारीच्या चिकारीसारखी. तिला घरघर म्हणता येणार नाही, ती टणटणते. तिथे चिकारीच लिहितो.)

प्रतिसाद
माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे खरखरीत आवाजाबद्दल बोलायचा हक्क बजावते. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. कारागीर तो केसभर पुढे-मागे सरकवत बसतो. एका ठिकाणी तार नुसती टुंग करते; तिथून जरा सरकला की तीच तार झणझणून उठते आणि संपतच नाही. ती जवारी. म्हणजे स्वच्छ तारेत मुद्दाम खर घालायची कला आपल्याकडे आहेच. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने ऍम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला, तोही त्याच खरेच्या मागे होता. जवारीची गिटार म्हणा.

प्रतिसाद
ताई, जवारी फार घरंदाज झाली. पंकवाल्यांना घरंदाज म्हटलेलं चालणार नाही. मांडवातल्या स्पीकरवाल्याला विचारा, त्याचा शब्द तयार आहे: 'आवाज फाटतोय'. फाटका आवाज. माइक शिट्टी मारतो आणि स्पीकर फाटतो. दोन्ही गोष्टी आपण टाळतो, ही मंडळी मुद्दाम करतात, एवढाच फरक.

धागाकर्ता
फाटका! दोन दिवस हाच शब्द शोधत होतो, आणि तो गणपतीच्या मांडवात होता.

आता पेटीवाल्याची एक गंमत. भाच्याला विचारलं, पंकमध्ये कॉर्ड कुठल्या? तो म्हणाला, पॉवर कॉर्ड. बोटं बघितली तर सा, प आणि वरचा सा. बस. गंधार नाहीच, ना कोमल ना शुद्ध, म्हणून ते गाणं धड रडत नाही की हसत नाही. तंबोराच की हा! फक्त कुणीतरी त्याला भरधाव ट्रकला बांधलाय.

प्रतिसाद
गंधार वाजवत नाहीत, पण ऐकू येतो. शांत बसून ऐकलं तर तंबोऱ्याच्या षड्जातून स्वयंभू गंधार निघतो, हे तुम्हाला माहीतच आहे. इथेही तेच. सा आणि प यांचं प्रमाण २:३. आवाज फाटला की मूळ कंपनांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. २ आणि ३ ची बेरीज ५, आणि त्या ५ च्या कंपनाचा सूर म्हणजे शुद्ध गंधार. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, त्यामुळे आवाज जाड होतो. त्यात गिटारवर स्वतः गंधार दाबला की या बेरजा एकमेकींशी भांडतात आणि चिखल होतो. (तुमचा पंक!) म्हणून ते तो गाळतात.

धागाकर्ता
मान गए. 'गंधार नाही' हे वाक्य खोडतो.

प्रतिसाद
वेगाचं काय? रामोन्स या अमेरिकन पंक बँडची १९७६ ची पहिली तबकडी: चौदा गाणी, जेमतेम अर्धा तास. त्यांचा गिटारवाला जॉनी रामोन जवळजवळ सगळे आघात वरून खालीच मारायचा. सरोदवाल्यांच्या बोलीत सांगायचं तर नुसते दा दा दा दा, रा नाहीच. 'द्रुत लय' लिहू नका, लोक तराण्याची वाट बघतील. 'दणक्यात' लिहा.

प्रतिसाद
आणि सगळे मिळून ओरडतात त्याला शब्द शोधताय कशाला? झील. पवाड्यात शाहिराच्या मागे डफ-तुणतुण्यावर झीलकरी 'जी जी जी' करतात, तेच ते. तिथेही कुणी गोड आवाजाची अट घालत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. दोन वर्णनं अशी झालीत:

'तिसरं गाणं. जात्यासारखी घरघर धरलेली पेटी. तिच्यावर खर्जात, ओठांतल्या ओठांत सांगितलेली विहिरीची गोष्ट. सूर शेवटपर्यंत सुटत नाही.'

'पाचवं गाणं. पावणेदोन मिनिटं. फाटका सा-प, दणक्यात. गळा चिरका, मुद्दामच. धृपदाला चौघांची झील.'

'डार्क' तसाच राहिला. घरघर आल्यावर त्याची फारशी गरज उरली नाही. भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "मामा, भारी! पण पाचव्या गाण्यात तलाव कुठून आला?"

कंसात अर्थ द्यावा का?

प्रतिसाद
नको. पोराला एकदा पवाड्याला नेऊन बसवा.