त्सुमागोची जुनी पांथशाळा: एक दिवस द्यावा का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जपानला जाणार आहे. नागोयाहून एक दिवस काढून त्सुमागो या गावातील वाकीहोंजिन ओकुया ही जुनी पांथशाळा पाहावी का? जबलपूर रस्त्यावरचा आमच्या ओळखीचा एक डाक बंगला कवेलू ढासळून डोळ्यांदेखत पडीक झाला, त्यामुळे तिथल्या लोकांनी जुनी वास्तू कशी टिकवली हे जाणून घेण्याची मनापासून इच्छा आहे. आईला मात्र फार चालवत नाही.

उत्तर १
ताई, अवश्य जा. एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेंदो या जुन्या मार्गावरील मुक्कामाच्या ६९ टप्प्यांपैकी त्सुमागो हा ४२ वा. सरदार होंजिन म्हणजे मुख्य पांथशाळेत उतरत आणि तिथे जागा नसली की वाकीहोंजिन या दुय्यम पांथशाळेत. त्सुमागो ज्या किसो खोऱ्यात आहे, तिथे हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्ष तोडण्यास पूर्वी कडक बंदी होती. ती उठल्यानंतर १८७७ मध्ये ओकुयाची आजची इमारत याच लाकडात बांधली गेली. आत जमिनीतल्या चौकोनी चुलीभोवती बसवून माहिती सांगतात. धुराने काळ्या पडलेल्या तुळया आणि लाकडी जाळीतून तिरपे उतरणारे ऊन पाहायला थोडा निवांत वेळ ठेवा. नागिसो स्थानकावरून गावात बस जाते, त्यामुळे आईंना त्रास होणार नाही; शेजारच्या मागोमे गावापासूनची सुमारे आठ किलोमीटरची डोंगरवाट मात्र टाळा.

उत्तर २
जतनाबद्दल थोडे सांगतो. रेल्वे दुसरीकडून गेल्याने गाव ओस पडत चालले होते. १९६८ मध्ये घरांच्या दुरुस्तीला सुरुवात झाली आणि १९७१ मध्ये रहिवाशांनी घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही असा ठराव केला. विजेच्या तारा दर्शनी भागातून हटवल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी बंद केल्या. माझ्या मते खरे काम या ठरावाने केले, कारण एकटी पांथशाळा वाचवून भोवतालचा रस्ता गमावला असता, तर तिथे मुक्काम का होत असे हेच पाहणाऱ्याला उमगले नसते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आमच्या बंगल्याच्या आता भिंतीच उरल्या आहेत. काही करता येईल का?

उत्तर २
पावसाळ्यापूर्वी मोजमापे घेऊन नकाशा आणि छायाचित्रे करून ठेवा. त्सुमागोचे मुख्य होंजिन मेइजी काळातच (१८६८–१९१२) पाडले गेले होते. जुना आराखडा हाती असल्यामुळे ते १९९५ मध्ये पुन्हा उभारता आले.