जुन्या कागदातले ‘महाजन’: सावकार की आणखी कोण?

विचारणा
पणजोबांच्या वडिलांबद्दल घरात एवढंच सांगतात, की ते गोव्यात फोंड्याकडे राहत आणि सावकारी करत. आता पेटीतून दोन कागद निघालेत. मोडीतल्या कागदावर ‘शके १७९८, माघ’ आहे, म्हणजे सन १८७६, आणि त्यांच्या नावापुढे ‘महाजन’. दुसरा पोर्तुगीज. त्यात आमच्या आडनावाआधी ‘सिनाय’ घातलंय, आणि ते ‘नातुराल’ एका गावचे नि ‘मोरादोर’ दुसऱ्याच गावचे. महाजन म्हणजे सावकारच ना?

उत्तर
बाय, मला उलटा संशय येतो: सावकारीची गोष्ट या शब्दातूनच निघाली असावी. घाटावर महाजन म्हणजे पेठेतला पैसेवाला, प्रतिष्ठित माणूस. गोव्यात देवळाच्या कागदात तो अर्थ लावलात तर फसाल. इथे महाजन म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरागत हक्कदार. देवळाचा कारभार, हिशेब, समितीची निवड, सगळं त्यांच्या हातात. पोर्तुगिजांनी या संस्थेला ‘माझानिया’ म्हटलं. तिची १९३३ची नियमावली अजून चालते.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. महाजनांची नावं ‘कातालोग’मध्ये, म्हणजे देवळाच्या नोंदयादीत, चढवतात, आणि बापाच्या हक्कावर मुलगा आत येतो. म्हणजे वंशावळीचा अर्धा धागा देवळाच्या दप्तरातच सापडायचा. मुलींची नावं मात्र तिथे शोधू नका. त्यासाठी दुसरे कागद हवेत.

माघातली तारीख असेल तर शकात ७८ नाही, ७९ मिळवा. चैत्र ते साधारण मार्गशीर्ष ७८. पुढे इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. तो कागद १८७७चा.

दुसरं उत्तर
वरच्याशी सहमत, पण ‘कुळावी’ विसरू नका. ज्यांचं कुलदैवत त्या देवळात, ते सगळे कुळावी. महाजन त्यातले मोजके. घरात बोलताना दोन्ही शब्दांची सरमिसळ होते, कागदात सहसा होत नाही. ‘कूळ’ दिसलं तर आणखी सांभाळून: तिथे घराणं नसून जमीन कसणारा माणूस असू शकतो.

‘सिनाय’ हे शेणैचं पोर्तुगीज लेखन. प्रभूचं ‘पोरोब’, कामतचं ‘कामोतीं’ असंच. शेणै हा मान, त्यापुढे घराण्याचं किंवा गावावरून पडलेलं नाव. तेव्हा आडनाव बदललं म्हणून घाबरायला नको, ते तिथेच शेजारी आहे.

‘नातुराल’ म्हणजे जन्माचं गाव, ‘मोरादोर’ म्हणजे राहतं गाव. तुमच्या कागदातलं खरं सोनं हेच. त्याच्या जोडीला कुलदैवत पाहा. रामनाथ लोटलीहून बांदोड्याला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. सोळाव्या शतकात देव साष्टी-तिसवाडीकडून फोंड्यात आले, कारण तेव्हा फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. घराण्याचं मूळ गाव बहुतेकदा देवाच्या जुन्या गावाच्या आसपास निघतं. पण १८७७च्या माणसाचं ‘नातुराल’ इतकं मागे जाणार नाही, ते त्याच्या पिढीचंच जन्मगाव आहे. हे दोन धागे एकत्र विणू नका.

पुन्हा पहिलं उत्तर
हो, ते महत्त्वाचं. आणखी एक: मूळ गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेत, तुमचे लोक गांवकार (तिचे वंशपरंपरागत सभासद) असतील, तर कागदात ‘वांगड’ आणि ‘जोण’ हे शब्द भेटतील. बोलीत ‘वांगडा’ म्हणजे बरोबर, सोबत. गांवकारीत वांगड म्हणजे एका मूळपुरुषाचा गट. जोण म्हणजे गांवकाराला मिळणारा वाटा, वयात आल्यावर. वय गावागणिक वेगळं, म्हणून त्या गावाचा नियम आधी विचारा. मग कोमुनिदादीच्या वहीत नाव पहिल्यांदा ज्या वर्षी दिसतं त्यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

मोडी कागद ओळीने वाचून घ्या, नुसती नावं शोधू नका. ‘महाजन’ शब्दाच्या मागे-पुढे देवाचं नाव आहे का ते पाहा. तिथे देव नसून ‘कर्जरोखा’ निघाला, तर तुमच्या घरातली गोष्टच खरी.