तंबूतल्या संगीत महोत्सवाहून ढेकूण घरी न आणता परत कसे यावे?

टिळकवाडीचा गिटारवाला (प्रश्न)

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही बेळगावचे पाच मित्र अरुणाचल प्रदेशातील झिरो येथील संगीत महोत्सवाला जाणार आहोत. २०१२ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव आपातानी लोकांच्या भातखाचरांनी भरलेल्या खोऱ्यात होतो आणि पुष्कळ रसिक तेथेच तंबूत राहतात. एवढ्या लांब, गाड्या बदलत, गिटारच्या जोडीला तंबूचे ओझे वाहून नेणे आम्हाला शक्य नसल्यामुळे तंबू, गादी आणि स्लीपिंग बॅग तिथेच भाड्याने घ्यायची असे ठरले आहे, आणि माझी अडचण नेमकी इथेच आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही एका शेतावर झालेल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. आदल्या रात्री एका लॉजच्या सामायिक खोलीत झोपलो आणि पुढच्या रात्री भाड्याच्या तंबूत. लॉजचे नाव लिहीत नाही, कारण ढेकूण तिथूनच आले की तंबूतून, हे मला आजही सांगता येत नाही. घरी आल्यावर तीन आठवडे काहीच जाणवले नाही. मग एके दिवशी आईला माझ्या पलंगपोसाच्या कडेला पेनाची शाई टिपल्यासारखे काळे ठिपके दिसले. आम्ही पलंग उघडला, गादी उसवली, कपाट भिंतीपासून ओढले. मूळ ठिकाण सापडले ते गिटारच्या पेटीत. आतल्या लाल मखमलीची एक कड डिंक सुटून किंचित वर आली होती. ती बोटाने उचलली तेव्हा तिच्याखाली सहा-सात ढेकूण एकमेकांना बिलगून बसलेले दिसले आणि त्यांच्या शेजारी खसखशीच्या दाण्यांसारखी पांढरी अंडी चिकटलेली होती. घर पूर्ण मोकळे व्हायला पावसाळा उजाडला. आई आता एवढेच म्हणते, की जायचे तर जा, पण येताना ती पेटी उंबऱ्याच्या आत आणायची नाही.

ढेकूण माळावरच्या गवतातून तंबूत शिरतात का, भाड्याच्या अंथरुणाची तपासणी नेमकी कशी करावी आणि परत आल्यावर सामान घरात घेण्यापूर्वी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

शहापूरचा शेजारी

एवढी चिंता करण्याचे कारण नाही. फवाऱ्याचा एक डबा सोबत ठेवा, तंबू ताब्यात मिळताच आतून सगळीकडे मारा, चेन लावून अर्धा तास बंद ठेवा आणि मग खुशाल झोपा. आमच्या घरी पूर्वी खाटेच्या सांध्यांत रॉकेल सोडत असत. उशीखाली कडुलिंबाचा पाला ठेवण्याचीही पद्धत होती. अलीकडे काही जण धान्यात ठेवायच्या गोळ्या गादीखाली ठेवतात. त्यांनी एका रात्रीत काम होते असे ऐकून आहे.

अनगोळचे निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक

वरच्या उत्तरातील शेवटच्या वाक्याबद्दल आधी लिहितो, कारण बाकी चुकांनी फार तर पैसे वाया जातील, या चुकीने जीव जाईल. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही. घरात ढेकणांसाठी त्या ठेवल्यामुळे झोपेत माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. तंबू तर खोलीपेक्षाही लहान आणि झिरोची हवा त्या दिवसांत दमट. शेजारीबुवा, राग मानू नका, पण ही गोष्ट ऐकीव म्हणूनसुद्धा लिहू नये.

फवाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. बाजारातील बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असते आणि जगभरातील ढेकणांच्या अनेक वाणांत त्याला दाद न देण्याची शक्ती आलेली आहे. डीडीटीच्या बाबतीतही पूर्वी हेच घडले. शिवाय फवारा अंगावर पडलेला एखादा ढेकूण मेला, तरी शिवणीत दडलेल्या दहांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि आपण मात्र रात्रभर त्याच कापडाला नाक लावून झोपतो. रॉकेल आणि नायलॉनचा तंबू यांविषयी काही लिहिण्याची गरज नसावी. कडुलिंबाचा पाला निरुपद्रवी आहे, ढेकणालासुद्धा.

आता मूळ प्रश्न. ढेकूण गवतात, मातीत किंवा भातखाचरात राहत नाही. त्याला पंख नाहीत, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. त्याचे सारे आयुष्य माणसाच्या अंथरुणाच्या आसपास, फटीत आणि शिवणीत जाते. आपल्याकडे त्याच्या दोन जाती आढळतात, एक सर्वत्र पसरलेली आणि दुसरी उष्ण प्रदेशात अधिक दिसणारी, पण दोघींची रीत एकच. तेव्हा कोऱ्या तंबूत, कोऱ्या अंथरुणावर, उघड्या माळावर झोपणाऱ्याला ढेकूण चावणार नाही. तो तंबूत येतो तो आधीच्या भाडेकऱ्याच्या वळकटीतून, गादीच्या काठातून, रेल्वेच्या बाकाच्या फटीतून किंवा आपल्याच सॅकमधून.

तुम्हाला तीन आठवडे काही जाणवले नाही, यातही नवल नाही. अंडी उबदार हवेत साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा पोटभर रक्त लागते. प्रौढ व्हायला पाच-सहा आठवडे पुरतात. त्यातच काही माणसांच्या त्वचेवर चाव्याची खूण अनेक दिवसांनी उमटते आणि काहींच्या ती उमटतच नाही. म्हणून अंगावरच्या गांध्या मोजून निदान करू नये. पुरावा शोधायचा तो कापडावर: काळे ठिपके, पारदर्शक पिवळसर काती, आणि पाण्याचा थेंब लावून पुसल्यावर फराटा उठणारा डाग.

आणखी एक गोष्ट, जी तरुण मंडळींना गमतीची वाटेल. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की खोलीत माणूस नसताना ढेकूण धुतलेल्या कपड्यांपेक्षा अंगात घालून मळलेल्या कपड्यांकडे सुमारे दुप्पट संख्येने गेले. चार दिवसांच्या महोत्सवात तंबूच्या कोपऱ्यात मोज्यांचा आणि घामट शर्टांचा जो ढीग साचतो, तो म्हणजे त्यांना अक्षत देऊन बोलावणे आहे. मळलेले कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिचे तोंड गच्च बांधावे, आणि सॅक जमिनीवर लोळत न ठेवता तंबूबाहेरच्या दोरीला किंवा खांबाला टांगावी. पावसासाठी वरून एक पिशवी चढवावी.

निपाणीचा मंडपवाला

माझा मंडप आणि बिछायतीचा धंदा आहे. लग्नसराईत दोनशे-अडीचशे गाद्या बाहेर जातात, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दोन शब्द लिहितो. भाड्याची गादी रोज धुतली जात नाही. कोणी तसे सांगत असेल तर ते खरे मानू नका. खोळ धुतली जाते, गादीला ऊन दाखवले जाते, आणि हंगामात एका ठिकाणाहून आलेला ढीग ऊन न दाखवताच दुसरीकडे जातो. कानडीत ज्याला तिगणे म्हणतात तो हा प्राणी त्या ढिगाऱ्यातच एका गादीवरून दुसरीवर जातो. एकदा एका कार्यालयातून परत आलेल्या वीस गाद्या मी उरलेल्या मालावर रचल्या आणि पुढच्या महिन्यात माझी अर्धी खोली बाद झाली. तेव्हापासून परत आलेला माल आठ दिवस वेगळ्या शेडमध्ये ठेवतो.

तपासणी करायची ती गादीच्या मधोमध नव्हे. मध्यभागी काहीच सापडत नाही आणि गिऱ्हाईक मात्र तेवढेच पाहून समाधान मानते. गादी उभी करावी, काठाला जी दोरीसारखी जाड शिवण असते ती दोन्ही अंगठ्यांनी मागे मुरडावी आणि मोबाइलच्या उजेडात चारी कोपरे पाहावेत. जिथे कंपनीची पट्टी शिवलेली असते तिची मागची बाजू पाहावी. स्लीपिंग बॅग असेल तर आतली बाजू बाहेर काढून चेनच्या पट्टीखाली आणि टोपीच्या दोरीच्या नळीत पाहावे. तंबूत तळाचे कापड आणि भिंतीचे कापड जिथे जोडलेले असते ती शिवण आणि आतले छोटे खिसे हीच जागा. वासही घ्यावा. ज्यांनी लहानपणी ढेकूण चिरडलेला आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही. नव्या पिढीसाठी सांगतो, चुरगाळलेल्या कोथिंबिरीला कुबट वास आला तर जसे होईल तसे काहीसे. हे सारे माल ताब्यात घेताना, उजेडात आणि देणाऱ्याच्या समोर करावे. रात्री कार्यक्रम संपवून अकरा वाजता गादी घेणाऱ्याला जे मिळते ते मिळते.

खरे तर माझ्या धंद्याचे नुकसान करून सांगतो, तंबू भाड्याचा घ्या, पण अंथरूण स्वतःचे न्या. कुंदगोळला नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणे चालते, तिथे मी वडिलांबरोबर जात असे. वडील नवलगुंदचा जमखाना गुंडाळून काखोटीला मारायचे आणि पहाटे वाड्याबाहेर येताच तो दोनदा जोरात झटकून, उलटा करून, मगच गाडीत ठेवायचे. त्या वेळी मला ती त्यांची विक्षिप्त सवय वाटायची.

खानापूरचा रानवाटकरी

ढेकणाने रोग पसरतो असे अजून सिद्ध झालेले नाही. तो झोप घालवतो आणि खाजवून जखम झाली तर ती चिघळते, इतकेच. माळावर आणि रानाच्या कडेला तंबू ठोकणाऱ्याने खरी काळजी घ्यायची ती गोचिडाची आणि गवतातील बारीक माइट किड्यांची. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमुळे होतो आणि तो आमच्या शेजारच्या दोडामार्ग व सत्तरी भागातही आढळलेला आहे, त्यामुळे जांबोटीच्या बाजूला हिवाळ्या-उन्हाळ्यात मुक्काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. झिरोला माकडतापाचा प्रश्न नाही, पण ईशान्य भारतात माइटच्या पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस हा तापाचा आजार आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, डीट (किडे दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम, आणि गवतावर थेट न बसणे. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तंबूत राहिल्याचे आपणहून सांगा आणि अंगावर कुठे काळी खपली दिसते का तेही पाहा. जळवांचे म्हणाल तर त्या निदान दिसतात तरी.

टिळकवाडीचा गिटारवाला

सर्वांचे मनापासून आभार. स्लीपिंग बॅग आणि एक पातळ चादर प्रत्येकाने आपापली न्यायची असे आम्ही काल ठरवले. शिक्षककाका, परतीचे तेवढे सांगा. आमच्याकडे न्हाणीघरात अजून तांब्याचा बंब आहे, कपडे त्यातल्या कडकडीत पाण्यात टाकीन. पण स्लीपिंग बॅग आणि गिटारची पेटी यांचे काय करावे? पत्र्यावर उन्हात टाकली तर पुरेल का?

अनगोळचे निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक

ढेकणाला मारणारी खात्रीची गोष्ट उष्णता हीच आहे, पण ती आतपर्यंत पोहोचली पाहिजे. सुमारे ४५ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण मरायला दीड तास लागतो, अंड्यांना त्याहून जास्त तापमान लागते, आणि ५५च्या पुढे काम झटपट होते. ऑक्टोबरातले बेळगावचे ऊन विजापूरच्या वैशाखासारखे नसते. पत्रा हाताला चटका देतो म्हणून त्यावर टाकलेल्या स्लीपिंग बॅगच्या पोटातही तेवढीच उष्णता असेल असे मानू नये. तापलेल्या बाजूचा ढेकूण चालत सावलीच्या बाजूला जातो. आमची आजी बाज अंगणात आपटून तिच्या सुंभावर उकळते पाणी ओतत असे, नुसत्या उन्हावर तिने कधी भरवसा ठेवला नाही.

बंबाचा विचार उत्तम आहे. सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात भिजवून धुवावेत. स्लीपिंग बॅगवरची पट्टी वाचा; ६० अंश चालत असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर कोरडी असतानाच एखाद्या लाँड्रीतल्या मोठ्या ड्रायरमध्ये तिला सोसेल तेवढ्या गरम हवेवर अर्धा तास फिरवून आणावी. सॅक अंगणातच रिकामी करावी, शिवणींवरून ताठ ब्रश फिरवावा आणि वाफेची इस्त्री सावकाश न्यावी.

गिटारला मात्र उष्णता दाखवू नका, सांध्यांचा डिंक सुटेल. वाद्य बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि ध्वनिछिद्राच्या आत विजेरीने पाहा. पेटीची सुटलेली मखमल जाण्यापूर्वीच चिकटवून घ्या, म्हणजे दडायला जागा उरणार नाही. पण माझे ऐकाल तर ती पेटी नेऊच नका. तंबोऱ्याला असते तशी साध्या जाड कापडाची गवसणी शिवून घ्या, आत अस्तर नको, खिसा नको. आल्या आल्या ती सरळ बंबाच्या पाण्यात जाईल आणि आईंनाही उंबऱ्यावर उभे राहावे लागणार नाही.

टिळकवाडीचा गिटारवाला

खडेबाजारातून मांजरपाट आणला आहे. आईच शिवते आहे.