माल आवळतो म्हणून सिमेंटला दोष देऊ नका

भाऊ, मिक्सरमधून उतरलेला माल (काँक्रीट) पाटीतच आवळतो, घट्ट होतो, म्हणजे सिमेंट खराब, असं तुमचा ठेकेदार म्हणतो ते मला पटत नाही. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी गिट्टीच्या ढिगात हात घालून बघा, चटका बसतो. अशी गिट्टी मालात पडली की पाणी उडतं आणि सेटिंगही लवकर सुरू होतं. उन्हाळी काँक्रीटकामाच्या भारतीय मानकानुसार (आयएस ७८६१) ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जायला नको.

खरा घात होतो तो मिस्त्री वरून रिकामी करतो त्या पाण्याच्या बादलीने. माल सैल होतो, पण वाढलेल्या पाण्यामुळे ताकद जाते ती कायमची. ती बादली आधी बंद करा! गिट्टीवर सावली करा, मिसळायच्या पाण्यात बर्फ टाका, स्लॅब संध्याकाळी घ्या. तरी अडलं तर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन.

सिमेंटचाच संशय असेल तर साइटवर तपासणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या १५० मिमी ठोकळ्यांवरून (क्यूब) ठरवू नका, त्यात वाळू, पाणी, ठोकणं सगळंच येतं. लॅबमध्ये एक भाग सिमेंटला तीन भाग एन्नोरची (चेन्नईजवळची) प्रमाणित वाळू घेऊन ७०.६ मिमीचे क्यूब करतात. ४३ ग्रेडच्या सिमेंटला दाब सोसण्याची ताकद ३ दिवसांत २३, ७ दिवसांत ३३ आणि २८ दिवसांत ४३ मेगापास्कल यायलाच हवी. पीपीसी (वीजकेंद्रातली कोळशाची राख, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट) असेल तर २८ दिवसांची अट ३३ ची आहे. फ्लाय अ‍ॅशमुळे ते हळू धरतं. नमुना मात्र बंद गोणीतलाच द्या.