खालच्या आंशिक कवळीसाठी दात: अॅक्रिलिकचे की पोर्सिलेनचे?

प्रश्न
माझ्या एका रुग्णाच्या खालच्या जबड्यातील दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या असून त्यांना कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सांगाड्यावरील काढता येणारी आंशिक कवळी करून द्यायची आहे. वरच्या दाढा नैसर्गिक आहेत, फक्त उजवीकडील एकीवर पोर्सिलेनची कॅप आहे. जुन्या कवळीतले अॅक्रिलिकचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) दात झिजून सपाट झाल्यामुळे या वेळी पोर्सिलेनचेच दात बसवावेत, असा त्यांचा आग्रह आहे. तो मान्य करावा का?

उत्तर १
मी करणार नाही. पोर्सिलेन टिकते हे खरे, पण ते समोरच्या दाताच्या दंतवल्काच्या (इनॅमल, दातावरील कठीण थर) जिवावर टिकते. चावा जुळवताना हे दात घासावेच लागतात आणि घासलेल्या जागेची चकाकी गेली की ती बोटाला खरखरीत लागते. पुढे प्रत्येक घासाला तीच जागा वरच्या दाढेला कानशीसारखी घासत राहते. अॅक्रिलिकचा दात झिजला तर नवा बसवता येतो, दंतवल्क मात्र पुन्हा येत नाही. शिवाय पोर्सिलेनची अॅक्रिलिकच्या बैठकीशी रासायनिक जोडणी होत नाही. ते धरून ठेवायला दाढेच्या तळाला खाच लागते आणि सांगाड्याच्या धातूच्या जाळीवर जागा कमी असल्यामुळे तळ घासला, तर ती खाचच नाहीशी होते.

उत्तर २
पहिल्या उत्तराशी सहमत आहे, तरी जुन्या दातांची झीज दुर्लक्षित करू नये. दाढा सपाट झाल्या की चावण्याचा भार पुढच्या दातांवर सरकतो. क्रॉस-लिंक्ड अॅक्रिलिकचे (ज्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात) किंवा कंपोझिटचे (बारीक कण मिसळलेल्या रेझिनचे) दात तुलनेने कमी झिजतात, त्यांचा विचार करावा. त्याआधी ती कॅप तपासावी. तिचा पृष्ठभाग खरखरीत असेल तर कोणतेही अॅक्रिलिक तिच्यापुढे टिकणार नाही. रुग्ण झोपेत दात खातात का, हेही विचारावे.

उत्तर ३
मी लॅबमध्ये काम करतो. अॅक्रिलिकचे दात बसवणार असाल, तर ते बैठकीतून निखळू नयेत हेही पाहावे. निखळून आलेल्या दाताचा तळ बहुधा गुळगुळीत, स्वच्छ दिसतो, म्हणजे तो तुटलेला नसतो, मुळात चिकटलेलाच नसतो. दात मांडताना वापरलेल्या मेणाचा पातळ थर किंवा अॅक्रिलिक चिकटू नये म्हणून साच्याला लावलेले सेपरेटर तळावर राहिले की असे होते. उकळत्या पाण्याने मेण पूर्ण काढून, तळ किंचित खरखरीत करून त्यावर मोनोमर (अॅक्रिलिकचा द्रव घटक) लावण्यास आपल्या लॅबला अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कॅप आज पाहिली. मधल्या खळग्याजवळ ती घासलेली असून तिथे चकाकी नाही. आधी ती पॉलिश करून घेतो आणि क्रॉस-लिंक्ड अॅक्रिलिकचे दात मागवतो.